इथेनॉलचा दर छापू नका, त्यामागचा फरक छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापूर बाजार समितीत कांद्याच्या किती गाड्या आल्या आणि क्विंटलला काय दर निघाला, हे तुमच्या अंकात रोज सकाळी वाचायला मिळते. बार्शीची ज्वारी, तूर, डाळिंब, सोने-चांदी, सगळ्यांना जागा आहे. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या या जिल्ह्यात इथेनॉल मात्र वर्षातून दोनदाच छापून येते: केंद्राने दर जाहीर केला की, आणि गव्हाणीत मोळी टाकताना कुणी इथेनॉलवर भाषण केले की. मधल्या दहा-अकरा महिन्यांत 'कारखान्याला इथेनॉलमध्ये किती सुटतात' याचे अंदाज पारावर ठोकले जातात, आणि ते बहुधा चुकतात. त्यासाठी आठवड्याला एक छोटी चौकट सुरू करावी, ही विनंती. तीत काय असावे आणि काय नसावे, एवढ्यासाठी हे पत्र.

दर छापण्यात फारसा अर्थ नाही. पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलचा दर सरकार ठरवते आणि घेणाऱ्या तेल कंपन्या मोजक्याच. मागणी वाढली म्हणून हा दर चढत नाही, माल जास्त झाला म्हणून पडत नाही. दर जागच्या जागी राहतो आणि सगळा ताण इतरत्र जाऊन पडतो: वाटपाच्या कोट्यावर, डेपोतल्या उचलीवर, मोलॅसिसच्या (मळीच्या) भावावर, साखरेच्या पोत्यावर आणि हल्ली मक्यावर. त्यामुळे इथेनॉलच्या बाजारावर नजर ठेवायची तर या पाच गोष्टींवर ठेवावी लागते.

आधी दरांची पायरी पाहू. पूर्ण साखर काढल्यावर उरते ते सी-हेवी मोलॅसिस, थोडी साखर मागे ठेवली की बी-हेवी. २०२२-२३ च्या पुरवठा वर्षात सी-हेवी मोलॅसिसच्या इथेनॉलला लिटरला ४९.४१ रुपये, बी-हेवीच्या ६०.७३ आणि उसाचा रस किंवा सिरपपासूनच्या ६५.६१ रुपये ठरले. डिसेंबर २०२३ मध्ये तेल कंपन्यांनी सी-हेवीवर लिटरमागे ६.८७ रुपये जादा दिले आणि २०२४-२५ साठी केंद्राने तो दर ५७.९७ केला. बी-हेवी आणि रस मात्र २०२२-२३ च्याच दरावर राहिले. याच्या बातम्या 'इथेनॉल उत्पादकांना दिलासा' अशा मथळ्यांनी आल्या. हिशेब केला तर बी-हेवी काढणाऱ्याला या दिलाशाने बरोबर उलटे सांगितले.

ढोबळ आकडे घेऊ. एक टन ऊस गाळून सी-हेवीपर्यंत साखर काढली तर उरलेल्या मोलॅसिसपासून सुमारे ११ लिटर इथेनॉल मिळते. बी-हेवीवर थांबले तर टनामागे सुमारे १५ किलो साखर सोडावी लागते आणि इथेनॉल २० लिटरच्या आसपास जाते. एका किलो साखरेचे व्यवहारात साधारण ०.६ लिटर इथेनॉल होते. १५ किलोचे ९ लिटर, म्हणून ११ चे २०. आता रुपये मांडा. बी-हेवीचे २० लिटर गुणिले ६०.७३ म्हणजे १,२१४ रुपये ६० पैसे. सी-हेवीचे ११ लिटर जुन्या ४९.४१ ने ५४३ रुपये ५१ पैसे. फरक ६७१ रुपये, तो १५ किलो साखरेवर वाटला की किलोला ४४.७४. म्हणजे कारखान्याच्या दारात साखर ४४ रुपये ७४ पैशांच्या खाली विकत असेल तोवर बी-हेवी परवडत होते. तीच बेरीज सी-हेवी ५७.९७ धरून करा: ११ लिटरचे ६३७ रुपये ६७ पैसे, फरक ५७७ रुपये, किलोला ३८.४६. बी-हेवीचा दर एका पैशाने खाली आला नाही, तरी त्याची मर्यादा किलोमागे सव्वासहा रुपयांनी खाली सरकली.

रसाचेही तसेच काढता येते. साखर उतारा १० टक्के धरला तर टनामागे १०० किलो साखर सोडून ७१ लिटर मिळतात. ६५.६१ ने ४,६५८ रुपये, त्यातून सी-हेवीचे ६३८ वजा केले की १०० किलोला ४,०२० रुपये, म्हणजे किलोला ४० रुपये २० पैसे.

चौकटीत छापायचा पहिला आकडा हाच असावा: एस-३० या प्रतीच्या साखरेचा कारखाना दारातला, जीएसटी सोडून दर एका बाजूला आणि बी-हेवी व रस यांच्या या दोन मर्यादा दुसऱ्या बाजूला. साखरेचा दर ३८ च्या वर चढू लागला की कारखाने बी-हेवी सोडून सी-हेवीकडे वळतात, ४० ओलांडला की रस डिस्टिलरीच्या टाकीत जाण्याऐवजी साखर करायच्या पॅनमध्ये जातो. केंद्र दर महिन्याला साखर विक्रीचा कोटा देते, तो हात आखडता घेऊन दिला की साखर चढते, आणि इथेनॉल पुरवठ्याचा अंदाज आठ-पंधरा दिवसांत बदलतो.

अर्थात प्रत्येक कारखान्याचे आकडे वेगळे. ऊर्ध्वपातनाची वाफ, यीस्ट, रसायने, स्पेंटवॉशची (डिस्टिलरीच्या सांडपाण्याची) विल्हेवाट, तसेच साखरेच्या बाजूला पोते, गोदाम आणि विमा. हे खर्च ज्याने त्याने आपापल्या ताळेबंदातून टाकावेत. पण एक खर्च सगळ्यांना सारखा आहे आणि तोच विसरला जातो: व्याज. इथेनॉलचे पैसे साधारण २१ दिवसांत येतात. साखर सहा-आठ महिने गोदामात बसते. दहा टक्के व्याजाने सहा महिने धरले तर ३८.४६ ची मर्यादा ४० रुपये ४० पैशांवर जाते. शेतकऱ्याचे पैसे १४ दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार वर्षाला १५ टक्के व्याज. रोकड टंचाईत असलेला कारखाना त्यामुळे साखरेत दोन रुपये जास्त सुटत असतानाही बी-हेवी करतो. त्याला अडाणी म्हणू नये.

दुसरी गोष्ट कोटा. बातम्यांत इथे सर्वांत जास्त गोंधळ असतो, कारण देऊ केलेले, वाटप झालेले, करार झालेले आणि प्रत्यक्ष पोहोचलेले असे चार आकडे असतात आणि चारही 'इथेनॉल पुरवठा' या एकाच नावाने छापले जातात. २०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी सुमारे १,०५० कोटी लिटर मागवले. देकार आले १,७७६ कोटी लिटरचे. साखर उद्योगाने सुमारे ४७२ कोटी देऊ केले आणि पदरात पडले २८९ कोटींच्या आसपास. म्हणजे शंभर लिटर देऊ करणाऱ्याचे साठ-एकसष्ट लिटर लागले आणि एकूण वाटपात साखर उद्योगाचा वाटा २८ टक्क्यांच्या आत राहिला. बाकीचे धान्याचे, त्यातही मक्याचे सर्वाधिक. हे राष्ट्रीय आकडे झाले. जिल्ह्यातल्या डिस्टिलऱ्यांना एकूण किती लागले, हा आकडा मात्र आपल्याकडे एका ठिकाणी कुठेच वाचायला मिळत नाही. करार तिमाहीवार असतात, त्यामुळे तिमाहीला एकदा सगळ्या डिस्टिलऱ्यांना दूरध्वनी केला तरी पुरे.

कोट्यापेक्षा आदेश वाईट, कारण तो मध्येच येतो. ७ डिसेंबर २०२३ ला, ऐन गाळपात, रस आणि सिरपपासून इथेनॉल करण्यावर बंदी आली. आठवडाभरात रस व बी-हेवी मिळून १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत परवानगी मिळाली. पुढच्या वर्षासाठीचे निर्बंध उठले ते ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस. त्या काळात 'मागणी किती' या प्रश्नाला काही अर्थच उरला नव्हता.

तिसरी गोष्ट उचल, म्हणजे डेपोत टँकर किती रिकामे होतात. सोलापूरजवळ पाकणीत तेल कंपन्यांचे डेपो आहेत, त्यांच्यापुढे उभ्या टँकरांची रांग दिसली की लोक म्हणतात, कंपन्या माल घेत नाहीत. गणित साधे आहे. ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलच्या १२ हजार लिटरच्या एका टँकरला २,४०० लिटर इथेनॉल लागते. म्हणजे ३० हजार लिटरचा इथेनॉलचा एक टँकर दीड लाख लिटर पेट्रोलला, साडेबारा गाड्यांना पुरतो. डेपो दिवसाला जेवढे पेट्रोल भरतो त्याला पाचाने भागा. त्यापेक्षा जास्त इथेनॉल त्या दिवशी जिरूच शकत नाही, आणि साठवणटाकी भरलेली असेल तर टँकर उभाच राहणार. पेट्रोलची विक्री बारा महिने जवळजवळ एकसारखी, आपले गाळप मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारी-मार्च. हंगामात सगळे एकदम पाठवू पाहतात आणि जूननंतर तोच डेपो माल शोधतो. पाकणीत जागा नसली की मिरज, लोणी काळभोर किंवा परराज्यातला डेपो वाट्याला येतो. वाहतुकीचे दर अंतरानुसार ठरलेले असले तरी फेऱ्या घटतात आणि भाड्याचे टँकर अडकून पडतात.

माल परत येण्याची कारणे वेगळी. आयएस १५४६४ मानकानुसार इथेनॉल ९९.६ टक्के शुद्ध लागते. ते हवेतला ओलावा ओढते. पावसाळ्यात झाकणाचे पॅकिंग सैल असले किंवा डिस्टिलरीतल्या मॉलिक्युलर सिव्हचे, म्हणजे पाणी शोषणाऱ्या चाळणीचे, दाणे थकले असले तर पाण्याचे प्रमाण वाढते आणि डेपोतली प्रयोगशाळा टँकर फिरवते. शिवाय तापमान. इथेनॉल अंशाला साधारण हजारात एक भागाहून थोडे जास्त फुगते. मे महिन्यात दुपारी ४० अंशांना भरलेला ३० हजार लिटरचा टँकर पहाटे २५ अंशांना मोजला तर ४९० लिटर कमी भरतो, थेंबही न सांडता. कुणाच्या घटीची बातमी हाती आली तर मोजताना तापमान काय होते, एवढे आधी विचारावे.

पुरवठ्याच्या बाजूला सर्वांत फसवा आकडा म्हणजे क्षमता. दिवसाला एक लाख लिटरची डिस्टिलरी असली की तिला ३६५ ने गुणून वर्षाचे उत्पादन छापतात. पोटात काय घालणार, हे कुणी विचारत नाही. एक लाख लिटरला सी-हेवीवर दिवसाला ९,००० टनांहून जास्त उसाचे मोलॅसिस लागते, बी-हेवीवर ५,००० टनांचे, रसावर मात्र १,४०० टन उसात भागते. पण रस साठत नाही, सिरपही सहसा नाही. ते गाळप चालू असेपर्यंतच. २०२४-२५ मध्ये जिल्ह्यातले बरेच कारखाने फेब्रुवारीतच बंद झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने माढा, मोहोळ, करमाळ्याकडचा ऊस पाण्यात गेला. अशा वर्षी क्षमता तीच राहते आणि डिस्टिलरी उन्हाळ्यात साठवलेल्या मोलॅसिसवर तग धरते.

त्या साठ्याचेही एक दुखणे आहे, आणि ते आपल्या हवेतले आहे. मोलॅसिस पोलादी टाकीत ठेवतात. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ अंश असते, टाकीच्या आत त्याहून जास्त. चाळिशी ओलांडली की मोलॅसिसमधली साखर आपोआप विघटित होऊ लागते. त्यातून पुन्हा उष्णता निघते, फेस येतो, टाकी उतू जाते. म्हणून ते पंपाने फिरवत ठेवायचे, टाकीवर पाणी सोडायचे, कारखान्यातून येणारे मोलॅसिस थंड करूनच आत घ्यायचे. हे नीट झाले नाही तर वजन तेवढेच राहते आणि आंबणारी साखर कमी होते. टनाला ३०० लिटर देणारे बी-हेवी मग तेवढे देत नाही. त्यामुळे साठा टनांत छापताना त्यातल्या आंबणाऱ्या साखरेची टक्केवारीही सोबत द्यावी. नुसते टन निरुपयोगी.

मोलॅसिसच्या भावाचा शेतकऱ्याशी थेट संबंध आहे, आणि माझ्या मते तुमच्या चौकटीतली ही सर्वांत महत्त्वाची ओळ ठरेल. २०१३ च्या ऊसदर विनियमन कायद्यातल्या ७०:३० सूत्रात साखरेबरोबर बगॅस (चिपाड), मोलॅसिस आणि प्रेसमड (रस गाळून उरणारा गाळ) यांचे उत्पन्न धरतात. ज्या कारखान्याची स्वतःची डिस्टिलरी आहे तो मोलॅसिस स्वतःलाच 'विकतो'. तो दर टनाला हजार रुपयांनी कमी लावला आणि उसाच्या टनामागे बी-हेवी साडेसहा टक्के पडत असेल, तर हिशेबात ६५ रुपये कमी दिसतात. त्यातले ७० टक्के, म्हणजे ४५ रुपये ५० पैसे शेतकऱ्याचे. म्हणून जिल्ह्यात खुल्या निविदेने विकल्या गेलेल्या मोलॅसिसचा दर, सी आणि बी वेगवेगळा, दर आठवड्याला छापला गेला तर अंतर्गत दराशी ताडून पाहायला काहीतरी हाताशी राहील. जानेवारी २०२४ मध्ये मोलॅसिसच्या निर्यातीवर ५० टक्के शुल्क बसले होते. निर्यातीची वाट अशी अरुंद असते तेव्हा देशातला भाव डिस्टिलऱ्याच ठरवतात, हेही वाचकाला सांगावे.

उताऱ्याचे कोष्टक तुम्ही हंगामात छापताच. त्यात एक दुरुस्ती हवी. बी-हेवी करणाऱ्या कारखान्याचा साखर उतारा दीड टक्क्याने कमी दिसतो; ऊस वाईट होता असे नव्हे, साखर डिस्टिलरीत गेली. एफआरपी (उसाचा रास्त व किफायतशीर दर) काढताना ही वळवलेली साखर उताऱ्यात परत मिळवावी लागते. २०२५-२६ ला १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये, वर किंवा खाली प्रत्येक ०.१ टक्क्याला ३४ रुपये ६० पैसे, आणि ९.५ च्या खाली दर उतरत नाही, तो ३,२९० रुपये ५० पैशांवर थांबतो. मिळवणी राहून गेली तर १०.२५ च्या उसाचे टनामागे २५९ रुपये ५० पैसे जाऊ शकतात. कोष्टकात 'वळवण्यापूर्वीचा' आणि 'नंतरचा' असे दोन रकाने करा.

मक्याबद्दल थोडक्यात. एका क्विंटलपासून सुमारे ३८ लिटर मिळतात. २०२४-२५ च्या ७१.८६ दराने २,७३० रुपये, वर डीडीजीएस हा चोथा क्विंटलला तीसेक किलो. खरीप २०२५ च्या मक्याला हमीभाव २,४०० होता आणि अनेक बाजारांत मका त्याच्या बराच खाली विकला गेला, म्हणून धान्यावरच्या डिस्टिलऱ्यांना तो फायद्याचा पडला. ओला मका घेणाऱ्याने सांभाळावे: बुरशीचे विष चोथ्यात तिपटीने साचते आणि कोंबडीखाद्यवाला ते घेत नाही. जो चोथा चांगला असतो तो सोयापेंडीची जागा घेतो, आणि बार्शी, उत्तर सोलापूरच्या सोयाबीनवाल्याचा भाव तिथे दबतो. मार्च २०२५ मध्ये केंद्राने सहकारी कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या मका-तांदळावरही चालाव्यात म्हणून व्याजसवलत योजना काढली: ६ टक्के किंवा बँकेच्या व्याजाच्या निम्मे, यांत जे कमी ते, पाच वर्षे. जिल्ह्यात कुणी ती घेतली, याची एकत्र माहिती तुम्हीच मिळवू शकाल.

माहिती मिळवणे अवघड नाही. गाळप, साखर, उतारा आणि थकीत एफआरपी पुण्याच्या साखर आयुक्तालयातून किंवा सोलापूरच्या प्रादेशिक सहसंचालक कार्यालयातून. मक्याचे रोजचे दर कृषी पणन मंडळाकडून. देशाची मिश्रणाची टक्केवारी पेट्रोलियम मंत्रालयाच्या पीपीएसीच्या मासिक पत्रकातून. डिस्टिलरीतून निघालेल्या टँकरांची नोंद राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे असते. जिल्ह्याची महिन्याची बेरीज मागितली तर कुणाचे व्यापारी गुपित फुटत नाही.

छापताना तीन पथ्ये पाळावीत. ६०.७३ हा कारखाना दारातला दर आहे; ५ टक्के जीएसटी धरून तो ६३.७७ होतो आणि वाहतूक वेगळी. दोन बातम्यांत दोन दर दिसले की वाचक घोटाळा समजतो. दुसरे, वर्ष. साखरेचे ऑक्टोबर ते सप्टेंबर, इथेनॉलचे २०२३-२४ पासून नोव्हेंबर ते ऑक्टोबर, त्याआधी डिसेंबर ते नोव्हेंबर. या बदलामुळे २०२२-२३ अकरा महिन्यांचेच भरले, त्याची पुढच्या वर्षाशी टक्केवारी काढू नये. तिसरे, रेक्टिफाइड स्पिरिट, मद्यासाठीचे ईएनए आणि इंधनाचे इथेनॉल यांची लिटरमध्ये सरळ बेरीज करू नये. शुद्धता वेगळी, कर वेगळा, गिऱ्हाईक वेगळे. ईएनएचा दर बाजारात ठरतो, तो मिळाला तर स्वतंत्र ओळीत द्यावा, कारण तेल कंपन्यांचा कोटा संपलेली डिस्टिलरी तिकडेच वळते.

चौकट सोमवारी आली तर बरे. शनिवारपर्यंतच्या साखर निविदा तोवर हाती आलेल्या असतात. महिन्याच्या पहिल्या सोमवारी तिच्याखाली साखरेच्या नव्या कोट्याची एक ओळ वाढवावी.

कळावे,
साखर व आसवनी व्यवसायातील एक वाचक, सोलापूर